नेता बदलला, पण हिशेब कुठे आहे?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस ४४ वरून १६ जागांवर आली. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले स्वतः साकोलीतून अवघ्या २०८ मतांनी वाचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या जागी बुलढाण्याचे माजी आमदार हर्षवर्धन सपकाळ आले. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. जुलै २०२५ मध्ये तिथेही जयंत पाटील गेले आणि शशिकांत शिंदे आले. निवडणूक हरली की प्रदेशाध्यक्ष बदलायचा, हे आता ठरूनच गेले आहे. पण एवढ्याने पक्ष सुधारतो का?

पटोलेंचेच उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये तेच अध्यक्ष होते आणि काँग्रेसचे लोकसभेतले खासदार १ वरून १३ झाले. पाच महिन्यांनी त्याच अध्यक्षाखाली दाणादाण उडाली. विजय त्यांचा नसेल, तर पराभव तरी एकट्या त्यांचा कसा?

आपल्या भागात पाहा. विंचूर तालुक्याने निफाडचे, विधानसभेला येवल्याचे आणि लोकसभेला दिंडोरीचे. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने कांदा उत्पादक होरपळला होता. त्या रागात दिंडोरीने केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना घरी बसवून भास्कर भगरे यांना निवडून दिले. नोव्हेंबरमध्ये येवल्याने मात्र पुन्हा छगन भुजबळांनाच पसंती दिली. मधल्या काळात लाडक्या बहिणीच्या खात्यात दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते. आघाडीचे नेते तेच होते, मतदारही तेच. मतदारापुढचा प्रश्न बदलला होता.

मालेगावचे तर याहून बोलके. धुळे लोकसभेत शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. त्यात एकट्या मालेगाव मध्यची आघाडी सुमारे १ लाख ९४ हजारांची होती. विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये लढत झाली एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात, निकाल लागला १६२ मतांनी. काँग्रेसचा उमेदवार या लढतीत कुठेच नव्हता. लाखांनी मते देणाऱ्या गावात पक्षाची स्वतःची माणसे का उरली नाहीत, हे पक्षाने विचारायला हवे होते. महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही, म्हणून नसीम खान यांनी एप्रिल २०२४ मध्ये प्रचाराला नकार दिला होता. अध्यक्ष बदलल्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

शाळेत दहावीचा निकाल घसरला की आम्ही विषयवार विश्लेषण करतो. कोणत्या विषयात, कोणती मुले, कशामुळे मागे पडली? मुख्याध्यापक बदलला आणि गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामीच राहिली, तर पुढचा निकालही तसाच लागणार.

मग नेता बदलूच नये का? जरूर बदलावा. पद ही अमानत आहे, कुणाची जहागीर नव्हे. हजरत उमर (र.) यांनी खालिद बिन वलीद (र.) यांना सरसेनापतीपदावरून काढले, तेव्हा खालिद हरलेले नव्हते. विजय एका माणसामुळे मिळतो असे लोकांच्या मनात बसू नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. खालिद रागावून निघून गेले नाहीत, अबू उबैदा (र.) यांच्या हाताखाली लढत राहिले. आपल्याकडे २०१९ च्या पराभवानंतर अशोक चव्हाणांचे प्रदेशाध्यक्षपद गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले. पद सोडूनही कार्यकर्ता म्हणून राहता येते, ही शिकवण आपल्या पक्षांत फार थोड्यांनी घेतली आहे.

माझे म्हणणे इतकेच, की आधी हिशेब आणि मग बदल. तिकिटे कोणी वाटली, बूथवर कोण नव्हते, कोणत्या समाजाला गृहीत धरले, हे लेखी कार्यकर्त्यांसमोर यावे. मतदार यादीबद्दल शंका असतील तर त्या जरूर विचाराव्यात, पण त्यांच्या आड स्वतःची चूक झाकू नये. आणि नवा अध्यक्ष दिल्लीच्या पत्राने किंवा साहेबांच्या इशाऱ्याने न येता जिल्ह्याजिल्ह्यातल्या सदस्यांच्या मताने यावा. ज्याला कार्यकर्त्यांनी निवडले, त्याला कार्यकर्ते जाब विचारू शकतात. वरून आलेला माणूस वरच्यांनाच उत्तर देतो.

मुस्लिम मतदारानेही आता कोण अध्यक्ष झाला यावर टाळ्या वाजवू नयेत. आमच्या मोहल्ल्यात तुमची शाखा कुठे आहे, तिचा प्रमुख कोणी निवडला, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले, तर पक्ष बदलतोय असे समजावे.