हमीद माझे, मग राणे कोणाचे?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळेत माझ्या वाट्याचे एक काम ठरलेले असते. "सर, तुम्ही अब्दुल हमीदांवर बोला." सांगणारा प्रेमानेच सांगतो, त्यात खोट काही नसते. मीही सतरा-अठरा वर्षे बोलत आलो. खेमकरणचा मोर्चा, असल उत्तर, सप्टेंबर १९६५, जीपवर बसवलेली तोफ, पॅटन रणगाडे आणि शेवटी परमवीर चक्र. भाषण इतके पाठ झाले आहे की कोणत्या वाक्याला टाळ्या पडणार हेही मला ठाऊक असते.

पण गेली काही वर्षे ते भाषण करताना घशात काहीतरी अडकते. अब्दुल हमीदांबद्दल मनात कमी आदर आहे म्हणून नव्हे. आमच्या घरी त्यांचे नाव अब्बा ज्या आवाजात घेत, तो आवाज मला अजून आठवतो. अडचण वेगळी आहे. रहिवासी दाखला असतो, उत्पन्नाचा दाखला असतो, तसा हमीदांचा एक दाखला होऊन बसला आहे आणि तो दरवर्षी मीच सादर करायचा असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या गुरुजींना असा दाखला कोणी मागत नाही. ते टिळकांवर बोलतात, बाबूराव शेडमाकेंवर बोलतात, मनात आले तर पावसावरही बोलतात.

म्हणून गेल्या वर्षी मी ठरवले की आपण रामा राघोबा राणे यांच्यावर बोलायचे. नाव सांगितले तेव्हा खोलीत क्षणभर शांतता झाली. कोणी हरकत घेतली नाही, पण "तुम्ही राणेंवर?" हा प्रश्न दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर मला दिसला. अर्थात, राणे कोण हेही त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हते.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. १९४० साली मुलगा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढला. डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला आणि चारच महिन्यांत काश्मीरच्या आघाडीवर, नौशेराला जाऊन पोहोचला. हे नौशेरा म्हणजे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ब्रिगेडने ६ फेब्रुवारी १९४८ च्या लढाईत राखलेले ठाणे. आमच्या लोकांना उस्मान माहीत असतात, राणे नसतात. इतरांना राणे थोडेफार माहीत असतात, उस्मान नसतात. दोन्ही नावे दोन महिन्यांच्या अंतराने एकाच गावाशी जोडलेली आहेत, पण आपण ती वेगवेगळ्या कपाटांत ठेवली आहेत.

८ एप्रिलला सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. रणगाडे जायचे तर रस्ता मोकळा हवा, आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले, पाइनची मोठमोठी झाडे आडवी पाडलेली, पूल उडवलेले. राणे आणि त्यांचे सॅपर सुरुंग काढायला पुढे झाले तेव्हा उखळी तोफांचा मारा सुरू झाला. त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते हटले नाहीत. पुढे गोळीबारात सुरुंगांपर्यंत जाणेच अशक्य झाले तेव्हा त्यांनी काय केले ते ऐका. ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. हातात दोन दोऱ्या. एक ओढली की चालकाने थांबायचे, दुसरी ओढली की निघायचे. ११ एप्रिलपर्यंत हे काम चालले. त्यानंतर सैन्य राजौरीत पोहोचले आणि तिथे अडकलेल्या लोकांची सुटका झाली. या चार दिवसांच्या कामात राणेंनी किती माणसे मारली हा प्रश्नच येत नाही. त्यांनी वाट करून दिली.

कुरखेड्यातल्या मुलांना सुरुंग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली आणि १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, इथून तिकडे निघालेल्या पथकाची गाडी जांभुरखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. पंधरा पोलीस गेले आणि गाडीचा चालक गेला. त्या पंधरांत मडावी होते, दुग्गा होते, हलामी होते, चव्हाण होते, बीड जिल्ह्यातला एक शेखही होता. त्या दिवशी कोणी कोणाचा दाखला मागितला नाही. कोरचीच्या रस्त्याने एसटीने जाताना ती जागा आली की आजही गाडीतली बडबड थोडी कमी होते, निदान मला तरी तसे वाटते. म्हणून राणे मला इथलेच वाटतात. रस्त्यातला सुरुंग काढणाऱ्या माणसाची किंमत कळायला कुरखेड्यापेक्षा योग्य गाव कुठले?

भाषणात मी एवढे सांगितले आणि पुढे गेलो, कारण मला खरे तर पुढचेच सांगायचे होते. राणे जगले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले म्हणून त्यांचेच नाव घेतात. १९५५ साली लग्न झाले, लीला नावाची नवरी सासरी राजेश्वरी झाली. मुलेबाळे झाली. मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त झाले, नंतर पुन्हा काही वर्षे लष्करातच नोकरी केली. ११ जुलै १९९४ ला पुण्यात लष्कराच्या इस्पितळात वारले, तेव्हा वय ७६ होते. म्हणजे रणगाड्याखालचे ते चार दिवस झाल्यावर हा माणूस आणखी सेहेचाळीस वर्षे नवरा होता, बाप होता, बाजारातून पिशवी घेऊन येणारा शेजारी होता.

इथे पुढच्या रांगेतल्या सातवीच्या एका मुलाने हात वर केला. "सर, म्हणजे ते लढाईत मेले नाहीत?"

त्याच्या आवाजात निराशा होती. त्याचा दोष नाही, ती निराशा आम्ही शिकवली आहे. शहीद म्हटले की आमची मान ताठ होते. परत आलेल्या फौजीकडे मात्र आम्ही बघत नाही. तो पेन्शनसाठी बँकेच्या रांगेत उभा असतो, मुलीच्या लग्नाची काळजी करत असतो, जुमाच्या नमाजला दुखऱ्या गुडघ्यामुळे मागच्या सफेत खुर्ची टाकून बसलेला असतो. मुसलमान फौजीचे तर आणखी कठीण. तो मेला तर पुरावा ठरतो, जगला तर पुन्हा साधा मुसलमान होतो आणि भाड्याने घर शोधायला निघाला की त्याला आडनाव विचारले जाते.

हमीदांनाही आम्ही असेच एका दिवसात कोंबून ठेवले आहे. बत्तीस वर्षांच्या आयुष्यातला तो एकच दिवस आम्ही सांगतो. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा शिंप्याचा पोरगा, कपडे शिवायला बापाला मदत करणारा, कुस्तीची आवड असलेला, रसूलन बीबींचा नवरा. हा माणूस माझ्या भाषणात कधी आलाच नाही. रसूलन बीबी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. नवऱ्याशिवाय त्यांनी जवळजवळ चोपन्न वर्षे काढली. मीही त्यांचे नाव त्या बातमीनंतरच नीट वाचले, हे कबूल करायला हवे.

यंदा हमीदांवर बोलायचे काम मी शाळेतल्या एका गोंड सहकाऱ्याकडे दिले आहे. त्यांनी आनंदाने घेतले. माहितीचा कागद मागितला तो लिहून दिला. सुरुवात शिवणाच्या मशीनपासून करा, जीप नंतर येऊ द्या, एवढेच सांगितले.