आता तिला त्याचा काय उपयोग?

"पूर्ण काढून टाका डॉक्टर. दोन पोरं झालीत, आता तिला त्याचा काय उपयोग?"

एका कर्करोग रुग्णालयात, ओळखीच्या बाईंसोबत गेले असताना, शेजारच्या टेबलावर हे वाक्य मी ऐकलं. बोलणारा नवरा दुष्ट नव्हता. कर्ज काढून, रजा टाकून, रात्रीच्या एसटीनं तो बायकोला घेऊन आला होता. ती शेजारीच बसली होती, चाळिशीच्या आतबाहेरची, पदर दोन्ही हातांनी आवळून. डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारला होता. तिनं तोंड उघडायच्या आत उत्तर त्यानं देऊन टाकलं.

त्या एका माणसाला दोष देऊन मी थांबणार नाही. हे वाक्य त्याला आपण शिकवलं आहे. बाईचं शरीर कशासाठी, तर पोराला पाजायला, नवऱ्याला आणि घरच्या कामाला. यातलं काही संपलं की तो अवयव फालतू. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांकडे हिशेब मागितला. तो आपण अजून चुकता केलेला नाही.

स्तनाचा कर्करोग उशिरा कळतो याचं मूळही इथंच आहे. अंघोळ करताना हाताला गाठ लागते. दुखत नाही, म्हणून बाई गप्प बसते. सांगायचं कुणाला? 'स्तन' हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. सासूला सांगावं तर "काही नाही, दूध साकळलं असेल", नवऱ्याला सांगावं तर लाज. त्यात मुलीचं लग्न ठरत आलेलं असलं तर आई तोंडाला कुलूपच लावते, कारण 'त्यांच्या घरात कॅन्सर आहे' एवढं कानावर गेलं तरी स्थळ परत जातं. दिवाळी होते, लग्न होतं, आणि मग गाठ कातडी फोडून बाहेर येते. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे त्या एका वर्षात सुमारे १ लाख ७८ हजार नव्या रुग्ण होत्या आणि ९० हजारांवर मृत्यू.

तो वेळेत ओळखायला मोठं यंत्र लागतं असंही नाही. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातानं तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. जाणता हात आणि पाच मिनिटांचा आडोसा, एवढंच लागलं. तो आडोसा आपण आपल्या घरातल्या बाईला मिळू देत नाही.

त्या नवऱ्याच्या वाक्याकडे परत येते. गाठ लहान असेल तर स्तन राखून तेवढीच काढायची आणि नंतर रेडिएशन द्यायचं, यानं आयुष्य कमी होत नाही, हे मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचणीनं वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली सिद्ध केलं. प्रत्येकीला ते शक्य नसतं. कुणाची गाठ मोठी असते, कुणाला काही आठवडे शहरात राहून रेडिएशन घेणं परवडत नाही. काही जणी स्वतःच म्हणतात, सगळं काढा, मनाला घोर नको. तो त्यांचा अधिकार. पण तो त्यांनी वापरायला हवा, त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणी नाही.

मग ऑपरेशन होतं, केमो संपते, आणि घर जाहीर करतं, 'बरी झाली.' तिचा खरा छळ तिथून पुढे सुरू होतो. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी सुजू शकतो. डॉक्टर बजावतात: भाजू देऊ नका, कापू देऊ नका, एकदम जड उचलू नका, त्या हातात घट्ट काही घालू नका. तिला घरी काय मिळतं? भरलेली कळशी, गरम तवा, विळी. आणि सणाला हिरवा चुडा! सवाष्णीचा हात रिकामा कसा ठेवायचा, म्हणून सुजलेल्या मनगटावर साबण लावून बांगड्या चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. संध्याकाळी त्या फोडून काढाव्या लागल्या.

अनेकींना पाच ते दहा वर्षं हार्मोनच्या गोळ्या असतात. अंगाची लाही होते, रात्रीची झोप उडते, सांधे धरतात, मन कशातच लागत नाही. घर म्हणतं, "हिचं आता रोजचंच झालं." केस गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं टाळतात. हा रोग स्पर्शानं पसरत नाही हे ठाऊक असूनही तिचं ताट वेगळं होतं, अंथरूणही वेगळं होतं.

या आजारातल्या जगण्याचा दर्जा मोजायला युरोपातल्या संशोधकांनी केलेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. त्यात कोणत्याही कर्करोगासाठी तीस प्रश्न आहेत आणि स्तनाच्या कर्करोगासाठी वेगळे तेवीस. हात सुजलाय का, स्वतःच्या शरीराकडे बघवतं का, पुढची काळजी वाटते का, शरीरसुखाची इच्छा होते का. ते वाचताना माझ्या मनात आलं, यातला एकही प्रश्न तिला तिच्या घरात कुणी कधी विचारला असेल?

वाचकहो, आई, बायको, बहीण, वहिनी, कुणाबरोबर तरी तुम्हाला कधी त्या खोलीत जावं लागेल. डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या. प्रश्न तिला विचारला की तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. आणि घरी परतल्यावर पाण्याची कळशी तुम्ही उचला.