विश्लेषण : दार न ठोठावताच पोलीस घरात! अमेरिकेतील ‘नो-नॉक वॉरंट’चा वाद काय?

१३ मार्च २०२०. मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात २६ वर्षांची ब्रिओना टेलर मित्रासह घरी होती. अमली पदार्थांच्या तपासासाठी आलेल्या पोलिसांनी दार तोडले. कोणी घरफोडी करत आहे असे समजून मित्राने बंदुकीतून एक गोळी झाडली. ती एका अधिकाऱ्याच्या पायाला लागली. पोलिसांनी उलट ३२ गोळ्या झाडल्या. त्यात ब्रिओनाचा मृत्यू झाला. घरात अमली पदार्थ सापडलेच नाहीत.

‘नो-नॉक’ म्हणजे काय?

झडतीसाठी आलेल्या पोलिसांनी आधी दार ठोठवावे, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावे आणि दार उघडण्यासाठी थोडा वेळ द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याचे मूळ इंग्लंडमधील १६०४च्या एका गाजलेल्या निकालात सापडते. यातले काहीही न करता थेट आत शिरण्याची न्यायाधीशांनी दिलेली परवानगी म्हणजे ‘नो-नॉक वॉरंट’.

राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात, १९७० मध्ये, अमली पदार्थांविरोधातील मोहिमेचा भाग म्हणून अमेरिकी काँग्रेसने अशा छाप्यांना कायद्याने मान्यता दिली. चुकीच्या घरांवर छापे पडू लागल्याने १९७४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. राज्यांच्या पातळीवर मात्र ही पद्धत टिकून राहिली.

न्यायालय काय म्हणते?

दार ठोठावण्याचा नियम हा राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने दिलेल्या संरक्षणाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. प्रकरण अमली पदार्थांचे आहे, एवढ्यावरून सरसकट सूट मिळणार नाही, असेही १९९७ मध्ये बजावले. मात्र पोलिसांच्या जिवाला धोका असेल, पुरावा नष्ट होण्याची शक्यता असेल किंवा दार ठोठावून उपयोग होणार नाही असा वाजवी संशय असेल, तर थेट शिरता येते.

त्यानंतरच्या दोन निकालांनी नियमाची धार बोथट झाली. २००३ मध्ये न्यायालयाने कोकेनच्या एका प्रकरणात १५ ते २० सेकंदांची वाट पुरेशी मानली. २००६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला, की नियम मोडून पोलीस आत गेले तरी सापडलेला पुरावा त्या कारणाने बाद होणार नाही.

पोलिसांची बाजू काय?

अमली पदार्थ काही सेकंदांत फ्लश करता येतात आणि सशस्त्र गुन्हेगाराला सावध केले तर पोलिसांचेच प्राण जाऊ शकतात, हा मुख्य युक्तिवाद. पण अचानक शिरण्यातही धोका आहेच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१० ते २०१६ या काळातील दार फोडून घातलेल्या छाप्यांचा मागोवा घेतला, तेव्हा किमान ८१ नागरिक आणि १३ पोलिसांचा मृत्यू झाल्याचे आढळले. जिथे घराघरांत कायदेशीर बंदुका आहेत, तिथे अंधारात शिरणारा पोलीस आहे की चोर, हे झोपेतून उठलेल्या माणसाला कळणार कसे?

बंदीने प्रश्न सुटला का?

लुईव्हिलने जून २०२० मध्ये ‘ब्रिओना कायदा’ करून असे वॉरंट बंद केले. ओरेगॉन, फ्लोरिडा, व्हर्जिनिया आणि टेनेसी या राज्यांतही बंदी आहे. मिनियापोलिसमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सोफ्यावर झोपलेला २२ वर्षांचा अमीर लॉक पोलीस आत शिरल्यावर दहा सेकंदांच्या आत मारला गेला. त्याच्या हातात बंदूक होती, पण वॉरंटमध्ये त्याचे नावच नव्हते. त्यानंतर तिथेही बंदी आली. मे २०२२ मध्ये जो बायडेन यांनी केंद्रीय यंत्रणांवर निर्बंध घालणारा आदेश काढला. डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द केला.

मात्र खरी गोम वेगळीच आहे. ब्रिओनाच्या घरासाठी ‘नो-नॉक’ मंजूर झाले होते, तरी आपण दार ठोठावले आणि ओळख सांगितली, असा पोलिसांचा दावा होता. ओळख सांगितल्याचे ऐकलेच नाही, असे तिचा मित्र सांगत राहिला. अधिकाऱ्यांच्या अंगावर सुरू असलेले कॅमेरे नसल्याने खरे काय ते सांगणारे चित्रण नाही. म्हणजे दार ठोठावून काही सेकंदांत ते तोडले, तर कागदावर नियम पाळला जातो आणि आतल्या माणसासाठी फरक शून्य राहतो. त्यामुळे किती सेकंद थांबायचे, रात्री छापा घालायचा का, कॅमेरा सुरू होता का आणि वॉरंटसाठी दिलेली माहिती कोणी तपासली, हे प्रश्न बंदीइतकेच महत्त्वाचे ठरतात. ह्यूस्टनमध्ये २०१९ साली पोलिसाने खोट्या माहितीवर मिळवलेल्या वॉरंटमुळे एका जोडप्याचा जीव गेला. त्या अधिकाऱ्याला २०२४ मध्ये ६० वर्षांची शिक्षा झाली.

भारतात काय नियम?

इंग्रजी कायद्याचा तोच वारसा आपल्याकडेही आहे. अटक करायची व्यक्ती घरात असेल, तर पोलिसांनी आपला अधिकार व हेतू सांगून आत येऊ देण्याची मागणी करावी आणि त्यानंतरही प्रवेश मिळाला नाही तरच दार तोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४४ सांगते. झडतीचे दृकश्राव्य चित्रीकरणही कलम १०५नुसार बंधनकारक आहे. लुईव्हिलमध्ये नेमके तेच नव्हते.