पाच तारांची केबल
धामणगाव रेल्वेत कापसाचा भाव कुणीही सांगेल. पण ‘डोमिनो’ बांधणीचा डीन प्लग विचारला, की दुकानदार नागपूरच्या गाडीकडे बोट दाखवतो. मला तो हवा होता बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरसाठी. 1984 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून हीच यंत्रं देशभरच्या शाळांत गेली: 32 के मेमरी, 2 मेगाहर्ट्‌झचा 6502 प्रोसेसर. कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हाच, म्हणून तो भंगारात जाताना मला बघवत नाही. त्याला जुना मॉडेम जोडायचा, तर मॉडेमचं सॉकेट 25 पिनांचं, पण तारा लागतात पाचच: जाणारा डेटा 2 ला, येणारा 3 ला, आरटीएस (पाठवण्याची विनंती) 4 ला, सीटीएस (पाठवण्याची परवानगी) 5 ला आणि शून्य व्होल्ट 7 ला. कॉम्प्युटरच्या टोकाला टेपरेकॉर्डरचा पाच पिनांचा प्लग चालत नाही. त्याच्या पिना अर्धवर्तुळात, डोमिनोच्या फाशावरच्या पाचासारख्या. शिवाय हा उलटाही बसतो, म्हणून वरच्या अंगाला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. डाख देण्याआधी प्रत्येक तारेत इन्सुलेशनची नळी ओवून घ्यावी. मी एकीत विसरलो आणि ती तार पुन्हा उकलली. सीटीएसची तार सुटली तर यंत्र एक अक्षरही पाठवत नाही, म्हणून तिचा डाख दोनदा तपासला. मल्टिमीटर पाचही तारांवर वाजला. मग मॉडेमसाठी ‘एटी’ हा हुकूम टाइप केला, आणि पडद्यावर ‘ओके’ उमटलं.