क्लब दे रेगातास वास्को द गामा : इतिहास आणि ओळख

क्लब दे रेगातास वास्को द गामा हा ब्राझीलमधील रियो दि जानेरो शहरातील एक क्रीडा क्लब आहे. त्याची स्थापना २१ ऑगस्ट १८९८ रोजी झाली. 'रेगातास' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नौकाशर्यती असा असून प्रारंभी हा क्लब केवळ त्यांच्यासाठीच होता. आज तो प्रामुख्याने फुटबॉलसाठी ओळखला जातो. वर्णभेदाविरुद्ध घेतलेली भूमिका हा या क्लबच्या ओळखीचा गाभा मानला जातो. अलीकडच्या काळात मालकीच्या वादामुळे या ओळखीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे.

== नाव आणि बोधचिन्ह ==
पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. या घटनेस चारशे वर्षे पूर्ण होत असताना क्लबची स्थापना झाली, म्हणून त्याला हे नाव देण्यात आले. गोव्यातील वास्को हे बंदराचे शहरही याच दर्यावर्द्याच्या नावाने ओळखले जाते. संस्थापकांमध्ये रियोमधील पोर्तुगीज स्थलांतरितांचा मोठा वाटा होता. शिडावर क्रूस असलेले जहाज हे क्लबचे बोधचिन्ह असून काळ्या सदऱ्यावरील तिरका पांढरा पट्टा ही त्याच्या गणवेशाची खूण आहे.

येथे एक विसंगती दिसते. वसाहतवादाच्या इतिहासाशी निगडित असलेल्या व्यक्तीचे नाव धारण करणारी ही संस्था पुढे वर्णसमतेचे प्रतीक ठरली. स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांत, १९०४ मध्ये, कांदिदो जोसे दे आराउजो या मिश्रवंशीय गृहस्थांची अध्यक्षपदी निवड झाली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली ती १८८८ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व ध्यानात येते.

== १९२३ चा विजय आणि १९२४ चे पत्र ==
क्लबने फुटबॉल विभाग १९१५ मध्ये सुरू केला. १९२२ मध्ये दुय्यम श्रेणी जिंकून संघ वरच्या श्रेणीत आला आणि १९२३ मध्ये पहिल्याच प्रयत्नात त्याने रियोचे अजिंक्यपद पटकावले. या संघात कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय आणि गरीब गौरवर्णीय कामगार एकत्र खेळत होते. तत्पूर्वी बांगू या गिरणीवस्तीतील क्लबनेही कृष्णवर्णीय खेळाडूंना संधी दिली होती. त्यामुळे वास्को हा असे करणारा पहिला क्लब होता, असे म्हणणे योग्य ठरत नाही. मात्र अशा संघाने प्रतिष्ठितांना हरवून विजेतेपद मिळवणे ही गोष्ट नवी होती.

१९२४ मध्ये फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो आदी क्लबांनी 'आमेआ' ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. वास्कोला प्रवेश हवा असल्यास १२ खेळाडूंना वगळावे, अशी अट घालण्यात आली. अटीत वर्णाचा उल्लेख नव्हता. खेळाडूंचा व्यवसाय, सामाजिक स्थिती आणि साक्षरता यांकडे बोट दाखवण्यात आले होते. परंतु ज्या समाजात शिक्षणाची दारे गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना प्रायः बंद होती, तेथे साक्षरतेची चाळणी लावणे म्हणजे वर्णाची आणि वर्गाचीच चाळणी लावणे होय.

७ एप्रिल १९२४ रोजी अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी पत्र लिहून या खेळाडूंना वगळण्यास नकार दिला आणि क्लब संघटनेत सामील होणार नसल्याचे कळवले. हे पत्र 'ऐतिहासिक उत्तर' या नावाने प्रसिद्ध आहे. वास्को त्या वर्षी जुन्याच संघटनेत खेळला आणि विजेता ठरला. १९२५ मध्ये आमेआने त्याला प्रवेश दिला.

== साओ जानुआरियो मैदान ==
स्वतःचे योग्य मैदान नाही, हाही वास्कोवरील एक आक्षेप होता. त्याला उत्तर म्हणून सभासद व चाहत्यांच्या वर्गणीतून साओ जानुआरियो हे मैदान उभारण्यात आले. २१ एप्रिल १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या सामन्यात सांतोस संघाने वास्कोला ५-३ असे हरवले. राष्ट्राध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांनी याच मैदानावर कामगार दिनाच्या सभा घेतल्या.

== यश आणि व्यथा ==
१९४८ मध्ये सांतियागो येथे झालेली दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा वास्कोने जिंकली. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलच्या संघात वास्कोचे अनेक खेळाडू होते. निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे नमवले. त्या पराभवाचे खापर वास्कोचा कृष्णवर्णीय गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याच्यावर फोडण्यात आले आणि हा ठपका त्याला आयुष्यभर वागवावा लागला. क्लबने दाखवलेली समता देशाच्या मनात अजून रुजलेली नव्हती, हेच यावरून दिसते.

क्लबने १९७४, १९८९, १९९७ आणि २००० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, शताब्दी वर्षात म्हणजे १९९८ मध्ये कोपा लिबेर्तादोरेस, तर २०११ मध्ये ब्राझील चषक जिंकला. त्याचबरोबर २००८, २०१३, २०१५ आणि २०२० या हंगामांत त्याची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली.

== सद्यस्थिती ==
२०२१ मध्ये ब्राझीलने केलेल्या कायद्यानुसार क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनीत रूपांतरित करता येतो. कर्जाने ग्रासलेल्या वास्कोने २०२२ मध्ये अशा कंपनीचा ७० टक्के हिस्सा ७७७ पार्टनर्स या अमेरिकी गुंतवणूक संस्थेला दिला. मे २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने या संस्थेचे नियंत्रण स्थगित झाले आणि कारभार पुन्हा क्लबकडे आला. माजी खेळाडू पेद्रिन्यो त्या वेळी अध्यक्ष होते.

मैदानाचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. जून २०२३ मधील एका पराभवानंतर झालेल्या हिंसाचारामुळे साओ जानुआरियो काही महिने प्रेक्षकांसाठी बंद राहिले. या प्रकरणात मैदानालगतची बारेइरा दो वास्को ही झोपडवस्ती धोकादायक ठरवण्यात आली. गरीब वस्तीकडे पाहण्याचा हा पूर्वग्रह आहे, अशी टीका चाहत्यांनी आणि रहिवाशांनी केली.

== मूल्यमापन ==
१९२४ चे पत्र लिहिता आले, कारण क्लब सभासदांचा होता आणि तोटा सोसण्याचा अधिकारही त्यांचाच होता. बहुसंख्य हिस्सा दूरच्या गुंतवणूकदाराकडे गेल्यावर असा नकार कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. दुसरीकडे, सभासदांच्या कारभारातच कर्ज वाढले, हेही नाकारता येत नाही. भांडवलाची गरज आणि परंपरेची जपणूक यांचा मेळ घालणे हे वास्कोपुढील आजचे आव्हान आहे. क्लबची ओळख नावात किंवा चषकांत जितकी आहे, त्याहून अधिक ती त्या १२ खेळाडूंच्या बाजूने उभे राहण्यात आहे.