गवसण्यासाठी गवसणी

मराठीत ‘गवसणे’ आणि ‘गवसणी’ हे दोन शब्द इतक्या शेजारी नांदतात, की वर्गात त्यांतला भेद सांगताना मला नेहमीच मौज वाटते. गवसणे म्हणजे सापडणे, हाती लागणे. आणि गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर किंवा सतारीवर घालतात ती खोळ. एक उघडे करणारा शब्द, तर दुसरा झाकून ठेवणारा. ‘गगनाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार मुले निबंधात हमखास वापरतात. पण गवसणी म्हणजे काय, असे विचारले की खिडकीबाहेर गगनाकडे पाहू लागतात!

या दोन शब्दांची गाठ एकाच वस्तूत पडल्याचे मी नुकतेच ऐकले; आणि तेही कोठे, तर अमेरिकेत, फ्लॉरिडाच्या समुद्रात, कमरेएवढ्या पाण्यात. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिकडे राहतो. आठवड्याचे पाच दिवस तो कॉम्प्युटरपुढे बसतो आणि सुटीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन पाण्यात उतरतो. न्हायला आलेल्या लोकांच्या बोटांतून निसटलेल्या अंगठ्या शोधायच्या, हा त्याचा छंद. गार पाण्यात बोटे किंचित आकसतात, त्यात उन्हासाठी चोपडलेल्या तेलाचा बुळबुळीतपणा. मग एखादी लाट येते आणि लग्नातली अंगठी घेऊन जाते. ‘विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढायची, त्यातलाच हा प्रकार,’ असे आमच्या सौ.चे मत पडले. ते फारसे चुकीचे नाही.

मेटल डिटेक्टर आता आपल्याला अपरिचित राहिलेला नाही. स्टेशनात, देवळात, सिनेमागृहाच्या दाराशी त्याच्या चौकटीतून आपण जातो आणि खिशातल्या किल्ल्यांमुळे दचकतो. भाच्याचे यंत्र हातात धरायचे असते. दांड्याच्या खालच्या टोकाला ताटलीएवढी एक तबकडी असते. तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे हेलकावे सोडले, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात अंगठी आली, की तिच्यातही क्षीण वीज खेळू लागते. आणि तिची चाहूल तबकडीला लागून आपल्या कानात आवाज उमटतो. कोरडी वाळू, लाकूड, प्लॅस्टिक यांची तिला पर्वा नसते. गवसायचे ते सारे या तबकडीमुळे. बाकीचे यंत्र तिचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचवते, इतकेच.

मात्र तिचा कान तिखट असला, तरी जवळच्या गोंगाटाने तो बधिर होतो. याचा एक जुना दाखला इतिहासात आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. ती कोठे आहे, हे कोणालाच कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने धातू ओळखणारे एक यंत्र घाईघाईने तयार केले आणि ते घेऊन तो अध्यक्षांच्या बिछान्याशी आला. पण बिछान्यातच पोलादी स्प्रिंगा होत्या! यंत्राने भलभलत्या ठिकाणी आवाज केले. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूस, आणि गोळी होती डाव्या. सप्टेंबरात गारफील्ड वारले. यंत्र खोटे नव्हते. त्याच्या अगदी निकट जे लोखंड होते, त्याने घोटाळा केला. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठी ही यंत्रे सैन्याच्या हाती आली आणि युद्ध संपल्यावर हौशी लोकांच्या. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर तर त्यांना सुकाळच होता. ३१ जुलै १७१५ रोजी तेथे वादळात स्पेनच्या ताफ्यातील सोन्याचांदीने भरलेली अकरा जहाजे फुटली होती. किप वॅग्नर नावाच्या घरे बांधणाऱ्या गृहस्थाला किनाऱ्यावर जुनी नाणी सापडत. त्यांतल्या एकावरही १७१५ नंतरचे साल नाही, हे त्याच्या लक्षात आले. मग सैन्याने मोडीत काढलेले एक यंत्र घेऊन त्याने वाळू पालथी घातली, आणि १९६० च्या सुमारास त्याने व त्याच्या साथीदारांनी त्या जहाजांतील संपत्ती वर काढली. आज तेथे समुद्रतळाच्या प्राचीन वस्तूंना सरकारी परवान्यावाचून हात लावता येत नाही. म्हणून माझ्या भाच्यासारखे लोक कालपरवाच्या अंगठ्यांवर संतुष्ट असतात.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवर ही तबकडी बोटभर अधांतरी धरून फिरवता येते. पाण्यात ते जमत नाही. खालचे काही दिसत नाही, लाटा ढकलतात, पाय ठरत नाहीत. आणि तबकडी तळापासून वर राहिली, तर तेवढीच खोली वाया जाते. म्हणून शोधणारा ती सरळ तळावर टेकवतो आणि घासत नेतो. तास न् तास, रविवारमागून रविवार. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा. जी गारगोटी काचेवर ओरखडा काढते, तिच्यापुढे प्लॅस्टिकचे ते काय चालणार? त्यात शिंपल्यांच्या धारदार कपच्या आणि त्या किनाऱ्यावरचे शिंपल्यांचेच बनलेले खडबडीत खडक. तबकडीची खालची बाजू आणि विशेषतः तिचा पुढचा काठ झिजत जातो. कवच फुटून आत खारे पाणी शिरले, की खेळ आटोपला. वेटोळी घट्ट झालेल्या राळेसारख्या द्रव्यात बसवलेली असतात. ती उघडून दुरुस्त करणे बहुधा शक्य नसते. नवी तबकडीच घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते.

यावर उपाय म्हणजे गवसणी. तबकडीच्या मापाची, उथळ ताटलीसारखी उभे काठ असलेली प्लॅस्टिकची खोळ मिळते. ती खालून दाबून बसवायची. ती दोनतीन मिलिमीटर जाडीची, त्यामुळे यंत्राची पोच जवळजवळ तितकीच राहते. तबकडीच्या मानाने तिची किंमत अगदी थोडी. झिजायचे ते तिने झिजावे. झिजली की टाकून दुसरी घ्यावी. धातूची मात्र चालत नाही, हे सांगायला नकोच. तशी घातली तर यंत्र सगळा वेळ तिचाच शोध लागल्याचे सांगत बसेल!

भाच्याने यंत्र घेतल्या दिवशीच ही खोळ चढवली आणि निर्धास्त झाला. वर्षभर ती काढली नाही. मग एके दिवशी किनाऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ त्याच्याकडे आले. करंगळीत पत्नीची अंगठी घातली होती, ती लाटेत गेली; पत्नी आता नाही, असे म्हणाले. भाचा लगेच पाण्यात उतरला. पण यंत्राने त्या दिवशी उच्छाद मांडला. हलवले की आवाज, टेकवले की आवाज. प्रत्येक आवाजाला तो जाळीचे फावडे घालून उपसून पाही. हाती नुसती वाळू. सूर्य मावळला. ते गृहस्थ वाळूत तसेच बसून होते.

‘मामा, मला वाटलं यंत्रच बिघडलं,’ त्याने मला फोनवर सांगितले. घरी येऊन त्याने प्रथमच खोळ ओढून काढली, तर आत वाळूचा ओला थर! त्यात काळी वाळूही होती. म्हणजे लोहयुक्त, लोहचुंबकाला चिकटणारी. गारफील्डच्या बिछान्यातल्या स्प्रिंगा त्या याच. अगदी कानाशी लोखंड आणि वीज वाहून नेणारे खारे पाणी डुचमळत असेल, तर दूरच्या अंगठीचा क्षीण स्वर ऐकू यायचा कोठून? आणि याहून वाईट म्हणजे, खोळ आणि तबकडी यांच्यामध्ये सापडलेल्या त्या वाळूने वर्षभर पाट्यावरवंट्याचे काम केले होते. जिचे रक्षण करायचे, तीच आतून घासली गेली होती. कवच अजून शाबूत होते, हे नशीब.

त्याने तबकडी आणि खोळ दोन्ही गोड्या पाण्याने धुतली, वाळवली. पहाटे ओहोटीला तो पुन्हा गेला आणि शेत नांगरावे तशा ओळी धरून शोधू लागला. यंत्र आता नेमस्त बोलत होते. दहाच्या सुमारास अंगठी फावड्याच्या जाळीत आली. त्या गृहस्थांनी ती करंगळीत घातली, क्षणभर पाहिली आणि लगेच काढून खिशात ठेवली. बोटावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

तेव्हापासून भाच्याचा नेम ठरला आहे. दर फेरीनंतर खोळ काढायची, गोड्या पाण्याखाली धरायची, कोरडी करून मगच चढवायची. काही जण खोळ आणि तबकडी पूर्ण कोरडी असताना काठाची फट सिलिकोनने बुजवतात, कोणी प्लॅस्टिकची चिकटपट्टी गुंडाळतात. म्हणजे वाळू आत जातच नाही. पण तेही अधूनमधून सोलून पाहावे लागते. कोणी पुढच्या काठावर घट्ट होणाऱ्या डिंकाचा जादा थर देतात. त्यात धातूची भुकटी नाही ना, एवढे पाहायचे. तबकडी दांड्याला जोडणारे दोन कान असतात, त्यांचा स्क्रू फार आवळायचा नाही, कान तडकतात. वायर दांड्याभोवती घट्ट, पण तबकडीपाशी किंचित सैल. आणि तबकडीच्या काठाने वाळू उकरायची नाही. त्यासाठी फावडे आहे.

हे सारे ऐकताना मला आपली घरे आठवत होती. मोबाईलला आपण कौतुकाने कव्हर घालतो. कधी काढून पाहिले आहे का? आत साचलेल्या धुळीनेच पाठीवर ओरखडे उमटलेले असतात. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेला, आणि पिशवीच्या आत बटणांवर चिकट थर. कपाटावरचा तंबोरा गवसणीत सुरक्षित आहे, असे म्हणत आपण वर्षे काढतो; उघडावे तर भोपळ्याला चीर आणि गवसणीला कसर. नवा सोफा आल्या दिवशी त्यावर चादर पडते, आणि सोफ्याचा रंग कोणता, हे पाहुण्यांना कधीच कळत नाही. खोळ घालण्याची आपल्याला हौस आहे. ती काढून, झटकून, आतले जिन्नस कसे आहे ते पाहून पुन्हा घालण्याचा मात्र कंटाळा. एकदा झाकले म्हणजे राखले, अशी आपली समजूत. आणि त्या समजुतीखाली वाळू साचत राहते.

दिवाळीच्या झाडलोटीत उशांचे अभ्रे आणि पडदे धुऊन झालेच असतील. उरलेल्या गवसण्याही एकदा काढून पाहाव्यात. सोन्याची अंगठी गवसेलच असे नाही. पण चीर वेळीच गवसली, तरी पुष्कळ झाले.