शुगरचं लेकरू अन् गावची शाळा : पत्र आहे, पण हक्क कुठंय?

हिंगोली : टाइप-१ मधुमेहाच्या लेकराला शाळेच्या वेळेतही इन्सुलिन लागू शकतं. अशा मुलांना शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मध्येच खाऊ द्या, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मार्च २०२३ मध्ये राज्यांना कळवलं. पण सेनगाव-औंढ्याकडच्या दोनशिक्षकी शाळेत हे बघायचं कुणी?

खरी मेख कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, मधुमेह नाही. सिकलसेलच्या पोराचं प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं निघालं, तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हक्कानं मागता येतं. मधुमेहवाल्याचे मायबाप मात्र मुख्याध्यापकांच्या मर्जीवर.

शुगर घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, पोरगं गप्प होतं. न कळणाऱ्याला ते नाटक वाटतं. त्या क्षणी चमचाभर साखर लागते, शासन निर्णय नव्हे! तोवर पालकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. दाद नाही मिळाली तर गटशिक्षणाधिकारी गाठावेत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पण वर्षातून एकदा. शुगर कोणत्याही दुपारी घसरते.